डोंगरातला तळ आणि त्याचे दायित्व

मनुष्याने घरे बांधली, पेठा वसवल्या, दिवाणी आणि फौजदारी कचेऱ्या थाटल्या, तरीही वर्षातून काही दिवस निवडक मित्रांसह डोंगराच्या कुशीत उतरावे, शेकोटीभोवती गप्पांत रात्र जागवावी आणि पहाटेच्या गारठ्यात ओल्या मातीवर उमटलेले खुरांचे ठसे वाचीत हिंडावे, ही त्याची वासना काही नष्ट झालेली नाही. आणि ती नष्ट व्हावी असे मला वाटतही नाही. साक्रीच्या पश्चिमेला कोंडाईबारीच्या बाजूस किंवा पिंपळनेरच्या पलीकडे डांगच्या सीमेकडे चढत गेलेल्या डोंगरांत कार्तिक-मार्गशीर्षाच्या दिवसांत तळ देणारी आमच्या तालुक्यातील तरुण मंडळी पाहिली की मला समाधानच होते. अलीकडे मात्र या मंडळींच्या बोलण्यात एक नवा सूर ऐकू येऊ लागला आहे. अमेरिकेच्या पर्वतराजीत मित्रमंडळी एकत्र जमून हरणांच्या आणि एल्क नावाच्या थोरल्या सांबरवर्गीय प्राण्याच्या शिकारीसाठी जे तळ ठोकतात, त्यांची चलच्चित्रे आता प्रत्येकाच्या हातातील फोनवर दिसतात, आणि ती पाहून आमचे तरुण विचारतात की तिकडे जे राजरोस चालते ते इकडे गुन्हा का ठरावे? प्रश्न प्रामाणिक आहे; म्हणून त्याला केवळ कायद्याचे कलम दाखवून गप्प करणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर त्या तळाच्या मुळाशी जाऊनच शोधले पाहिजे.

कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग या संस्थानांतील रॉकी पर्वताच्या उतारांवर सप्टेंबर महिना उजाडला की एल्कचे नर माद्यांसाठी साद घालू लागतात. ती साद शिट्टीसारखी चढत जाणारी असून सकाळच्या निवांत हवेत फार लांबून ऐकू येते. या सुमारास धनुर्धारी आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंदूकधारी शिकारी जाड कापडाच्या तंबूंत लाकडाची शेगडी पेटवून मुक्काम करतात. नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात जात असल्याने तो पडल्यावर खरे कष्ट सुरू होतात. मांसाचे भाग करून ते पाठीवरून किंवा खेचरांवरून कित्येक मैल वाहून आणावे लागते, आणि हे काम एकट्यादुकट्याचे नसल्यामुळेच तेथे मैत्रीला किंमत येते. ज्याच्या हातून शिकार झाली त्याने वाटे घालावेत आणि ज्याला काहीच मिळाले नाही त्याच्याही घरी हिवाळ्याची बेगमी पोचावी, असा अनेक तळांचा शिरस्ता असतो. वडिलांनी मुलाला आणि मुलाने नातवाला त्याच खिंडीपाशी नेलेले असते. एवढे चित्र आमच्या तरुणांना दिसते, आणि ते मोहक आहे हे मी मान्य करतो.

परंतु त्या चित्राच्या मागे जे दप्तर आहे ते फोनच्या पडद्यावर उमटत नाही. युरोपीय वसाहतींपूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी एल्क असावेत असा अंदाज आहे. विसावे शतक उजाडले तेव्हा बाजारासाठी बेसुमार शिकार करणाऱ्यांनी आणि कुरणे नांगरणाऱ्यांनी त्यांची संख्या लाखाच्याही खाली आणून ठेवली होती. तेव्हा तेथील विचारी माणसे, आणि त्यांत बरेचसे स्वतः शिकारीच होते, जागी झाली. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या व्यापारावर १९०० साली बंदी आली. रानातल्या प्राण्याचे मांस बाजारात विकता येणार नाही, हे तत्त्व हळूहळू प्रस्थापित झाले. आणि १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन नावाच्या कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवर बसणाऱ्या अबकारी कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठी राखून ठेवले. लांब नळीच्या बंदुकांवर व काडतुसांवर हा कर अकरा टक्के आहे. परवान्याची फी वेगळी, आणि पुष्कळ ठिकाणी तो परवानादेखील सोडतीत नाव निघाले तरच मिळतो. १९८४ साली मोंटानातील चार माणसांनी एल्कच्या चराऊ रानांसाठी जी संस्था काढली तिने मोठमोठे प्रदेश राखले आहेत. आज तिकडे एल्कची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे तेथील मित्रांचा तळ बंदुकीच्या बळावर उभा नाही; गणना, कर, पहारा आणि संयम यांच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या शिलकीवर तो उभा आहे. त्या तळावरील प्रत्येक पाहुणा रानाचे काही देणे आगाऊ भरून मगच आत शिरतो.

आता हीच कसोटी आपल्या खानदेशाला लावून पाहू. शिकारीच्या तळांचा इतिहास आपल्याकडे कमी नाही, उलट तो फार गाजलेला आहे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख उद्ध्वस्त केला. त्यावर पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ कोसळला. गावेच्या गावे ओस पडली आणि नांगरटीच्या जमिनींवर रान माजले. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा त्यांच्या ताब्यात आलेला प्रदेश हा अशा पुन्हा वाढलेल्या जंगलाचा, त्यातील वाघांचा आणि डोंगरांत आश्रय घेतलेल्या भिल्लांचा होता. १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा तरुण लष्करी अधिकारी येथे आला. त्याने धरणगावास भिल्ल पलटण उभारली, आणि भिल्लांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्याने जे उपाय योजले त्यांत त्यांच्यासह शिकारीला जाणे हा प्रमुख होता. त्याच्या चरित्रात नमूद आहे की १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून २३५ वाघ मारले, आणि त्यांपैकी १९१ वाघांच्या अंतकाळी तो स्वतः हजर होता. दहा वर्षांत, एका जिल्ह्यात, एका मित्रमंडळाने! या आकड्याकडे त्या काळी पराक्रम म्हणून पाहिले गेले, आणि वाघ मारण्यास सरकारी बक्षीसही असे. हरणे, सांबरे आणि रानडुकरे यांचा हिशोब कोणी इतक्या बारकाईने ठेवलाच नाही.

त्या तळाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. साहेबाच्या राहुट्या, घोडे आणि नोकरचाकर यांचा सरंजाम पुढे जाई. माग काढणारा भिल्ल असे, हाका घालणारे आसपासच्या वस्त्यांतील गरीब लोक असत, धोका बहुधा हाकाऱ्याच्या वाट्याला येई आणि कातडे साहेबाच्या बंगल्यावर जाई. अधिकाऱ्याची बदली झाली की तळ उठे आणि नवा अधिकारी आपले नवे मित्र घेऊन येई. या पाहुण्यांपैकी कोणावरही त्या रानाचे दायित्व नव्हते. कोल्हापूरच्या छत्रपतींनी दाजीपूरचे रान आपल्या शिकारीसाठी राखले होते. ती राजाची मिरास होती, तीत रयतेला वाव नव्हता, हे खरेच. तथापि राखणारा कोणी होता म्हणून ते रान टिकले, आणि १९५८ साली त्याचेच अभयारण्य होऊ शकले. ज्याला आज आपण साक्री तालुका म्हणतो आणि इंग्रजी अमलात जो पिंपळनेर तालुका म्हणून ओळखला जाई, त्या मुलखाला असा राखणदार लाभला नाही. कापसाला भाव आला, आगगाडी आली, लागवड वाढली, सागाला ठेकेदार मिळाले, आणि ज्या रानावर शिकारतळ जगत होते ते रानच पायाखालून निघून गेले.

कायदा आला, पण उशिरा आला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा करून शिकारीला परवान्याची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. १९७२ साली संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला. त्यातही परवान्याने शिकार करण्यास जी वाट ठेवली होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवण्यात आली. या बंदीचे मी निःसंदिग्ध समर्थन करतो. सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण असून माझ्या पिढीतील बहुसंख्य साक्रीकरांनी ते पाहिले असेल तर प्राणिसंग्रहालयात किंवा दूरच्या एखाद्या व्याघ्रप्रकल्पात. पांझरा, कान आणि बुराई या नद्यांच्या उगमाकडील डोंगरांत भेकराची भुंकणारी हाक ऐकू आली तर ती आम्ही एकमेकांना बातमी म्हणून सांगतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प आला. विजेची गरज कोणी नाकारीत नाही, परंतु माळराने पडीक ठरवून वाटली जातात तेव्हा त्यांवर चरणाऱ्या चिंकाऱ्याचा विचार कोणत्याही टिपणीत येत नाही, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

याचा परिणाम केवळ सौंदर्याच्या हानीपुरता नाही. डोंगरात भक्ष्य उरले नाही म्हणजे बिबट्या उसात उतरतो. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या शास्त्रीय अभ्यासात बिबट्याच्या आहारातील ८७ टक्के वजन पाळीव प्राण्यांचे भरले, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा हिस्सा ३९ टक्के होता. आमच्याकडे उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या मजुराच्या झोपडीचे दार रात्री किती भीतीने लावले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हरणांचे डोंगरात असणे हा श्रीमंतांच्या हौसेचा विषय वाटणार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो शेतकऱ्याकडून येतो, म्हणून आदराने ऐकला पाहिजे. तो म्हणतो, रोही आणि रानडुकरे उभे पीक एका रात्रीत तुडवतात. अमेरिकेसारखी नियमबद्ध शिकार पुन्हा सुरू केली तर पीकही वाचेल आणि महसूलही येईल. पिकाची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांच्या बाबतीत, वनखात्याची परवानगी घेऊन, बंदोबस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने केलेली आहेच. नुकसानभरपाई वेळेवर मिळत नसेल तर त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण पिकाच्या रक्षणासाठी करावा लागणारा बंदोबस्त आणि मित्रांच्या करमणुकीसाठी उभारलेला शिकारतळ या भिन्न गोष्टी आहेत. जेथे सांबरांची, भेकरांची आणि चौशिंग्यांची नियमित गणनाच होत नाही, तेथे किती मारावीत याचा हुकूम कोण आणि कशाच्या आधारावर काढणार? अमेरिकेने आधी भांडवल उभे केले आणि मग व्याज खाल्ले; आपण भांडवल खाऊन बसलो आहोत आणि व्याजाचा दर विचारीत आहोत.

दुसरी बाब न्यायाची आहे, आणि ती मला अधिक बोचते. १८७८ च्या जंगल कायद्याने रानात राहणाऱ्याचे हक्क सवलतींत जमा झाले. त्याच माणसाला साहेबाच्या हाक्यात उभे करण्यात आले. आणि शिकार बंद झाल्यावर बंदुकीचे धनी आपल्या आठवणींची पुस्तके घेऊन निघून गेले, तर सशासाठी फासा लावणारा भिल्ल किंवा कोकणा गुन्हेगार म्हणून चावडीवर उभा राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासीयांना गौण वनोपजाचा आणि सामूहिक वनाच्या रक्षण-व्यवस्थापनाचा हक्क दिला, परंतु परंपरेने चालत आलेला शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. रानाच्या हितासाठी हा त्याग ज्यांनी केला ते आदिवासी आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर शहरातून जीपगाड्या घेऊन आलेल्या मंडळींनी रात्री प्रखर बत्तीच्या झोतात ससे आणि तित्तिर टिपावेत, आणि त्याला मित्रांची सहल म्हणावे, हा अन्याय तर आहेच, शिवाय तो आपल्या सुसंस्कृतपणाला काळिमा लावणारा आहे. ज्याला घरी अन्नाची ददात नाही त्याच्या हौसेला, ज्याने भुकेची सोयही रानासाठी सोडून दिली त्याच्यापुढे, कोणताच युक्तिवाद उरत नाही.

मग तळ बंद करावेत काय? मुळीच नाही. आमच्याच तालुक्यातील बारीपाडा या गावाने दाखवून दिले आहे की राखणदार गावातूनच उभा राहू शकतो. कोकणा समाजाची ही छोटी वस्ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी उघड्या डोंगरांच्या मध्ये पाण्यावाचून तळमळत होती. चैत्राम पवार या गावच्याच सुशिक्षित तरुणाने वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने गावकऱ्यांना एकत्र आणले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने स्वतःवर लादून घेतली. मोडणाऱ्याला दंड ठरला. राखण करणारे नेमले गेले. दगडमातीचे बांध घालून ओहोळ अडवले गेले. सुमारे अकराशे एकरांचे रान त्यांनी परत आणले, विहिरींना पाणी आले, आणि रानभाज्यांच्या पाककृतींची जी स्पर्धा तेथे भरते तिला लांबून माणसे येऊ लागली. २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री देण्यात आली. सरकारी फर्मानाने जे साधले नाही ते ग्रामसभेच्या निश्चयाने साधले, हा या कथेचा अर्थ आहे. औट्रमच्या तळाला जो राखणदार नव्हता तो येथे आहे, आणि तो पाहुणा नसून यजमान आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात ज्या ज्या गावांनी आपले रान राखले आहे, त्या गावांच्या ग्रामसभांनी आणि वनखात्याने मिळून हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी मित्रमंडळांसाठी तळ भरवावेत, आणि त्यांना परवान्याइतकीच कडक शिस्त असावी. तळावर येणाऱ्याने फी भरावी आणि ती गावाच्या वनसमितीच्या खात्यात जमा व्हावी. एका वेळी किती माणसे, किती दिवस आणि कोणत्या खोऱ्यात, हे गावाने ठरवावे व अर्ज अधिक आल्यास सोडत काढावी. बंदूक, कुत्री, दारू आणि कर्णे यांना तेथे पूर्ण मज्जाव असावा. माग काढण्यात निष्णात असलेले भिल्ल आणि कोकणा जाणते यांना वाटाड्या म्हणून नव्हे, गुरुजी म्हणून नेमावे आणि गुरुजींना साजेसे मानधन द्यावे. भेकराचा खूर आणि चौशिंग्याचा खूर यांतील भेद, लेंड्यांवरून कळणारा चारा, मोडलेल्या गवतावरून कळणारी वेळ, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठात शिकवले जात नाही, आणि ते जाणणारी माणसे दरसाल कमी होत आहेत.

तळावर आलेल्या प्रत्येकाने कामही केले पाहिजे. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करणे, पाणवठ्यातील गाळ उपसणे, कुंपणांत आणि पायवाटांवर दडवलेले फासे व वाघरी शोधून वनरक्षकाच्या स्वाधीन करणे, आणि दिसलेल्या प्रत्येक खुणेची तारीख, ठिकाण व वेळ यांसह नोंदवहीत नोंद करणे, ही त्या मुक्कामाची नित्यकर्मे असावीत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याचा उपक्रम राज्यातील व्याघ्रप्रकल्पांत आणि अभयारण्यांत चालतोच. त्याच धर्तीवर तो आमच्या अप्रसिद्ध खोऱ्यांतही सुरू करण्यास मोठ्या निधीची गरज नाही. अशा नोंदी दहा वर्षे सातत्याने झाल्या, तर साक्रीच्या डोंगरांत काय उरले आहे, काय परत येत आहे आणि डांगच्या रानाशी कोणता पट्टा जोडून ठेवला पाहिजे, हे प्रथमच कागदावर येईल, आणि उद्या एखाद्या प्रकल्पासाठी तो पट्टा मागितला गेला तर गावाच्या हाती पुरावा असेल.

बंदुकीवाचून तळाला रस नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मारण्याचा निश्चय असल्याखेरीज इंद्रिये तीक्ष्ण होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मराठी वाचकाला याचे उत्तर ठाऊक असायला हवे. व्यंकटेश माडगूळकर शिकारीचे शौकीन होते, आणि तरीही नागझिऱ्याच्या रानात निव्वळ पाहण्यासाठी राहून त्यांनी जे लिहिले त्यातील दृष्टी एखाद्या पारध्याइतकीच तीक्ष्ण आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत उभे आयुष्य काढले, पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोंड-माडियांकडून शिकून घेतली आणि मराठी गद्याला एक नवे अरण्य दिले. वाऱ्याची दिशा ओळखणे, तासन् तास न हलता बसणे, मित्राच्या एका खुणेवर श्वास रोखणे, यातले काहीही चाप ओढण्यावर अवलंबून नाही. अमेरिकेतील प्रांजळ शिकाऱ्यालाही विचारून पाहावे. पुष्कळ वर्षे तो रिकाम्या हाताने परततो आणि तरीही पुढच्या वर्षी त्याच मित्रांसह त्याच खिंडीत जातो. त्याला तेथे ओढून नेणारी गोष्ट मांसाहून मोठी असली पाहिजे, आणि ती गोष्ट आपल्याही डोंगरांत मिळण्याजोगी आहे.

आमच्या पश्चिम भागातील आदिवासी वाघबारशीला वाघदेवाची पूजा करतात आणि मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत पाळतात. ज्याच्यापासून भय आहे त्यालाही गावाच्या सीमेवर मानाचे स्थान देणारी ही संस्कृती आमच्या शेजारी नांदत असताना, रानाशी कसे वागावे हे शिकण्यासाठी आम्हांला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. समुद्रापलीकडून घेण्याजोगी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे हिशोबाची शिस्त: जो रानाचा आनंद घेतो त्याने रानाचे देणे चुकवलेच पाहिजे, हा दंडक. वनखात्याने या वर्षीच्या हिवाळ्यापूर्वी दोन-तीन गावांत असे तळ प्रयोगादाखल मंजूर करावेत. ग्रामसभांनी आपले नियम ठरावाने पक्के करावेत. आणि ज्या तरुणांनी मला तो प्रश्न विचारला त्यांनी पहिल्या सोडतीत आपली नावे घालावीत. आपल्या नातवंडांपैकी एखाद्याला साक्रीच्या डोंगरात सांबर दिसावे असे वाटत असेल, तर त्यासाठी लागणारी वर्षे आजपासून मोजायला हवीत, कारण पाहुण्यासारखे वागण्यात दोन शतके आपण आधीच घालवली आहेत.